खेळाबाहेर बसलेल्या मुलाचे काय? घरात खेळायच्या सामूहिक खेळांचे परीक्षण

डोंबिवलीत जुलै लागला की आमच्या इमारतीच्या आवाराचे तळे होते आणि मुलांचे क्रिकेट जिन्यात येते. या क्रिकेटने दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या दोन कुंड्या फोडल्यानंतर सोसायटीच्या बैठकीत असे ठरले की, पावसाळ्यातील शनिवार-रविवारच्या दुपारी तळमजल्यावरचे सभागृह मुलांसाठी उघडावे, आणि ‘काकू, तुम्ही तर घरीच असता’ या एका वाक्यावर देखरेखीचे काम माझ्याकडे आले. मुलांची संख्या नऊ ते अकरा. सर्वात धाकटा पहिलीत, सर्वात थोरली आठवीत. काही खेळ सोसायटीच्या पैशांतून विकत आणले, काही घरोघरच्या माळ्यांवरून धूळ झटकून खाली उतरवले. जवळजवळ दोन महिने ते सारे खेळ या एकाच टोळीसमोर वापरून पाहिल्यानंतर जे दिसले ते येथे लिहीत आहे.

खेळाच्या खोक्यावर वय लिहिलेले असते, खेळाडूंची संख्या लिहिलेली असते, कधी एका डावाला लागणारा वेळही लिहिलेला असतो. आपली पाळी येईपर्यंत, किंवा बाद झाल्यानंतर पुढचा डाव सुरू होईपर्यंत, एका मुलाला किती वेळ नुसते बसावे लागते, हे मात्र कोणत्याही खोक्यावर नसते. एकटे मूल किंवा दोन भावंडे खेळत असतील तर हा प्रश्न येत नाही. दहा मुले जमली की दुसरा प्रश्नच उरत नाही, कारण रिकामे बसलेले मूल आधी पंखा चालू-बंद करते, मग दुसऱ्याची सोंगटी लपवते आणि मग भांडण घेऊन माझ्याकडे येते. पहिल्याच रविवारी मी भिंतीवरच्या घड्याळावर हा रिकामा वेळ मोजू लागले, आणि पुढचे सारे मत त्याच मोजणीवर उभे आहे.

सुरुवात लुडोने झाली, कारण तो प्रत्येकाच्या घरी होता. आपल्याकडच्या पचिशीला सुटसुटीत करून, कवड्यांच्या जागी एक फासा देऊन इंग्लंडमध्ये हा खेळ तयार झाला आणि १८९६ मध्ये तिथे त्याचे पेटंट घेतले गेले. पट सुंदर दिसतो, नियम पाच मिनिटांत समजतात, आणि तरीही सामूहिक खेळ म्हणून मी त्याला खालच्या पायरीवर ठेवीन. एक तर चारच जण खेळू शकतात. दुसरे म्हणजे सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून सुटत नाही, हा नियम लहान मुलांसाठी निर्दय आहे. साधा हिशेब केला तरी कळते की, ओळीने सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के असते. म्हणजे चार मुलांच्या डावात एखादे मूल सहा फेऱ्या फासा टाकून नुसते परत देत राहणार, हे जवळजवळ गृहीतच धरावे. आमच्याकडे दुसरीतल्या मुलाच्या बाबतीत हे तीन डाव लागोपाठ झाले आणि चौथ्या डावाला तो बसलाच नाही. अनेक घरांत एकावरही सोंगटी सोडतात. तसे केले की हीच शक्यता नऊ टक्क्यांच्या खाली येते, आणि खेळाचे बाकी काहीच बिघडत नाही. लुडो घरात असेल तर हा बदल आजच करावा, किंवा प्रत्येकाची एक सोंगटी सुरुवातीलाच बाहेर ठेवावी. मोबाइलवर लुडो खेळलेली मुले हातात खरा फासा आल्यावर तो टाकण्याऐवजी अलगद ठेवू पाहतात, हे मी प्रथमच पाहिले. फासा वाटीत घालून हलवूनच टाकायचा, असा नियम त्यामुळे करावा लागला.

सापशिडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मोक्षपटाच्या रूपाने आपल्याकडे तिला जुनी आणि गंभीर परंपरा आहे, पण खेळणाऱ्याला त्यात एकही निर्णय घ्यायचा नसतो. पहिलीच्या मुलाला शंभरपर्यंतचे आकडे पक्के करायला ती उत्तम आहे. त्यापलीकडे दहा वर्षांच्या मुलाला तिच्यासमोर बसवणे ही शिक्षा आहे.

‘व्यापार’ या नावाने आपण जो पटावरचा खेळ ओळखतो, त्यातली शहरे विकत घेणे, भाडे वसूल करणे आणि खोट्या नोटा मोजणे मुलांना मनापासून आवडते, यात शंका नाही. आमच्या सहावीतल्या एका मुलाला तर जिंकण्यापेक्षा बँक सांभाळण्यातच रस होता, आणि त्याच्या बेरजा-वजाबाक्या दोन आठवड्यांत माझ्यापेक्षा जलद झाल्या. पण डाव दोन-दोन तास संपत नाही, आणि ज्याचे दिवाळे पहिल्या पाऊण तासात निघते त्याला उरलेला वेळ दुसऱ्यांची श्रीमंती बघत काढावी लागते. गंमत अशी की, या साऱ्या कुळाचा मूळ खेळ लिझी मॅगी या अमेरिकी बाईंनी १९०४ मध्ये पेटंट घेऊन आणला तो, जमीन मोजक्या हातांत एकवटली की बाकीच्यांचे काय होते ते दाखवण्यासाठीच. दिवाळखोर मुलाला येणारा राग हा, त्या हिशेबाने, खेळाने आपले काम चोख केल्याचा पुरावा म्हणावा लागेल. माझा सल्ला एवढाच, की घड्याळ लावून एका तासाने डाव थांबवावा आणि ज्याच्याकडे रोख व मालमत्ता मिळून जास्त त्याला विजयी ठरवावे. दिवाळे निघालेल्या मुलाला तोवर बँकेत नोकरी द्यावी. या अटींवर खेळ ठेवण्यासारखा आहे, अन्यथा तो घरातल्या चार जणांसाठी आहे, सभागृहासाठी नाही.

उनो या पत्त्यांच्या खेळाकडे मी थोड्या संशयाने पाहत होते, कारण त्याचा बोलबाला फार. खेळून पाहिल्यावर संशय बराच कमी झाला. १९७१ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका केशकर्तनकाराने आपल्या कुटुंबासाठी हा खेळ रचला. मूळ कॅटात १०८ पत्ते, चार रंग, शून्य ते नऊ आकडे आणि काही कुरापती पत्ते, म्हणजे पाळीची दिशा उलटवणारे किंवा पुढच्याला पत्ते उचलायला लावणारे. पडलेल्या पत्त्याशी रंग किंवा आकडा जुळणारा पत्ता टाकत आपला हात आधी रिकामा करायचा. दहा जण खेळू शकतात आणि प्रत्येकाला सात पत्ते वाटल्यावरही ३८ पत्ते शिल्लक राहतात. पाळी चटकन फिरते. दिशा उलटवणाऱ्या पत्त्यामुळे तर आपली पाळी केव्हा परत येईल याचा नेम नसतो, म्हणून लक्ष देऊन बसावे लागते. एकच पत्ता हातात उरला की ‘उनो’ म्हणायचे आणि विसरला तर दोन पत्ते उचलायचे, या नियमासाठी सारी टोळी ज्याच्या हातात दोन पत्ते उरले आहेत त्याच्या तोंडाकडे टक लावून बघते, हे दृश्य पाहण्यासारखे असते.

भांडण मात्र एका मुद्द्यावर हटकून होते. कोणी ‘दोन उचल’चा पत्ता टाकला तर पुढच्याने त्यावर आपला तसाच पत्ता टाकून दंड पुढे ढकलावा का? आमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी ढकलतात, निम्म्यांच्या घरी नाही. २०१९ मध्ये उनोच्या अधिकृत खात्यावरून असे ढकलता येणार नाही, दंड भरून पाळी गमवावीच लागेल, असे जाहीर झाले होते, ते मी मुलांना सांगितले, तर आठवीतली मुलगी शांतपणे म्हणाली, “काकू, त्यांना आमच्या बिल्डिंगचं काय माहीत?” शेवटी ढकलण्याचा नियमच राहिला. हरकत नाही, पण कोणता नियम ते पत्ते वाटण्याआधी ठरवावे. खरेदीबाबत एक इशारा देते. आम्ही रस्त्यावरच्या एका दुकानातून घेतलेल्या नकली कॅटात हिरवा आणि निळा रंग ट्यूबलाइटखाली जवळजवळ सारखे दिसत, आणि पावसाळी दमटपणाने पत्ते दोन आठवड्यांत असे फुगले की पिसणे अशक्य झाले.

आता ज्या खेळाने मला खरोखर चकित केले त्याकडे येते. डॉबल हा फ्रान्समधून आलेला खेळ गोल डबीत मिळतो. त्यात ५५ गोल पत्ते असतात आणि प्रत्येक पत्त्यावर आठ चित्रे. कोणतेही दोन पत्ते उचला, त्यांच्यात एक आणि एकच चित्र सारखे असते. ते ज्याला आधी दिसेल आणि जो आधी ओरडून सांगेल त्याची सरशी. पाळी हा प्रकारच नाही. सगळे सर्व वेळ खेळत असतात, म्हणून माझ्या घड्याळावर या खेळाचा रिकामा वेळ शून्य भरला. एक डाव पाच-सात मिनिटांत संपतो आणि डबीतल्या पत्रकात तो खेळण्याच्या पाच निरनिराळ्या पद्धती दिलेल्या आहेत. अगदी लहानांसाठी प्रत्येक पत्त्यावर सहाच चित्रे असलेली ३० पत्त्यांची वेगळी आवृत्ती निघते, पण आमच्या पहिलीतल्या मुलाला तिची गरज भासली नाही. उलट तोच आठवीतल्या मुलीला दर तीन डावांत एकदा तरी हरवायचा, कारण इथे अनुभव, वाचन किंवा गणित यांचा काडीचाही उपयोग नाही. उपयोग आहे तो डोळ्यांचा आणि न लाजता ओरडण्याचा.

हे जमते कसे, असे सातवीतल्या एका मुलाने विचारले, आणि तो अख्खा रविवार त्यातच गेला. आम्ही आधी छोटा डॉबल स्वतःच तयार केला: प्रत्येक पत्त्यावर तीन चित्रे घेतली तर सात चित्रांत सात पत्ते बरोबर बसतात आणि कोणत्याही दोन पत्त्यांत एकच चित्र जुळते. ते कागदावर काढून पाहणे हा स्वतंत्र खेळच आहे. आठ चित्रांसाठी हाच हिशेब केला तर ५७ चित्रे आणि ५७ पत्ते येतात. चित्रे ५७ आहेतच. पत्ते मात्र डबीत ५५, म्हणजे दोन पत्ते बनू शकत असूनही बनवलेले नाहीत. ते दोन पत्ते कोणते असतील ते शोधून काढता येते, आणि आमच्या त्या मुलाने चौकटींचा भला मोठा तक्ता करून तो उद्योग सुरू केला आहे.

दुसरी गंमत भाषेची. चित्राचे नाव मोठ्याने सांगायचे असल्यामुळे ते कोणत्या भाषेत सांगायचे हा प्रश्न पहिल्याच डावात उभा राहिला. आमच्याकडची निम्मी मुले इंग्रजी माध्यमातली. ती ‘कॅक्टस’ म्हणेपर्यंत मराठी माध्यमातल्याने ‘निवडुंग’ म्हटलेले असायचे, कधी उलट व्हायचे. मग एक डाव फक्त मराठीत, असे ठरले. जहाजाच्या नांगराच्या चित्राला मी ‘नांगर’ म्हणाले तेव्हा शेतातला नांगर आजोळी प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलाने जोरदार आक्षेप घेतला, आणि बोटीलाही नांगर असतो हे पटायला त्याला शब्दकोश दाखवावा लागला. संगीताच्या स्वरचिन्हाला कोणाकडेच शब्द नव्हता. आता त्याला सर्वानुमते ‘जिलबी’ म्हणतात. भाषेचा वर्ग घ्यायचा म्हणून मी हा खेळ आणला नव्हता, पण कोळिष्टक, विदूषक, बुजगावणे हे शब्द ओरडून ओरडून मुलांच्या तोंडी बसले, हे खरे.

डॉबलचा दोष एकच, गोंगाट. सहा मुले एकदम ओरडली की वरच्या मजल्यावरून निरोप येतो.

जेंगाने माझी रिकाम्या वेळाची मोजपट्टी थोडी चुकीची ठरवली, म्हणून त्याविषयी प्रामाणिकपणे लिहायला हवे. ५४ लाकडी ठोकळे, तीन-तीनच्या १८ थरांचा मनोरा, एका वेळी एकाच हाताने एक ठोकळा खालून काढून वर ठेवायचा आणि ज्याच्या हातून मनोरा पडेल तो हरला. लेस्ली स्कॉट यांनी १९८३ मध्ये लंडनच्या खेळणी-प्रदर्शनात तो बाजारात आणला. जेंगा हे नाव ‘बांधणे’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून आलेले आहे. आठ मुले खेळताना एकाची पाळी पुन्हा यायला सात-आठ मिनिटे लागतात. घड्याळाच्या हिशेबाने हा खेळ नापास व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र ती सात मिनिटे एकही मूल जागचे हलत नव्हते, कारण दुसऱ्याचा हात थरथरताना बघणे हाच खेळाचा अर्धा आनंद आहे. पाळीची वाट बघत बसणे आणि डोळे लावून बघत बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दिवसापासून मी त्या वेगळ्या मोजू लागले.

ठोकळे सगळे तंतोतंत एका मापाचे नसतात आणि ते मुद्दामच असते. काही सैल बसतात, काही घट्ट, आणि बोटाने हलकेच ढकलून सैल ठोकळा हेरणे हे यातले कौशल्य. फरशीवर मनोरा कोसळला की आवाज फार होतो, सतरंजीवर उभा केला तर तो आधीच कलतो. सतरंजी घालून तिच्यावर जेवायचा लाकडी पाट ठेवला की दोन्ही अडचणी मिटतात. रंगवलेल्या ठोकळ्यांचा एक स्वस्त संच आम्ही आधी घेतला होता. त्याला रंगाचा उग्र वास होता आणि ओल्या हाताला रंग लागत होता, तेव्हा तो परत केला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खोके उचलल्यावर आधी ते चिन्ह शोधावे आणि मग किंमत पाहावी, हा धडा त्या वासाने दिला.

कॅरमवर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वात जास्त पैसे त्यात गेले आणि सर्वात मोठा मनस्तापही त्यानेच दिला. स्पर्धेच्या फळीचा खेळायचा भाग सुमारे ७४ सेंटिमीटर लांब-रुंद असतो. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. घरी काळीला पाच, पांढरीला दहा आणि राणीला पन्नास असे धरले तर एका डावात १८५ गुण असतात, आणि ती बेरीज दुसरी-तिसरीच्या मुलांकडून रोज आपोआप होते. हाताचा वेग, कोन, फळीच्या कडेवर आपटून येणारी सोंगटी कुठे जाईल याचा अंदाज, या साऱ्यांसाठी कॅरमला तोड नाही, आणि मुंबई-ठाण्याच्या चाळींत वाढलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

अडचण अशी की, चांगला खेळणारा स्ट्रायकर हातातून सोडतच नाही. जोवर सोंगटी जाते आहे तोवर पाळी त्याचीच. आमच्या आठवीतल्या मुलीने एकदा ओळीने सहा सोंगट्या घेतल्या, तेव्हा समोरचा पहिलीतला मुलगा फळीवर हनुवटी टेकून झोपेला आला होता. त्यावर आम्ही दोन उपाय केले. दहा वर्षांवरील मुलाने एका पाळीत तीनच सोंगट्या घ्यायच्या, चौथी गेली तरी पाळी पुढे जायची. आणि प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन मुले बसवून त्यांनी आळीपाळीने मारायचे. चारच्या खेळात अशी आठ मुले मावली. मोठा आणि लहान अशी जोडी केली तर मोठा लहानाला कुठे मारायचे ते शिकवतो, अर्थात कधी कधी त्याचे बोट धरूनच मारतो आणि मग त्यावरून वाद होतो.

मनस्ताप फळीचा. जवळच्या एका दुकानातून आम्ही मध्यम आकाराची फळी घेतली. दुकानदाराने ‘जाड प्लाय आहे, ताई, दहा वर्षं हलणार नाही’ असे छातीठोकपणे सांगितले. पावसाचे चार आठवडे गेले आणि फळी मधोमध फुगली. कोपऱ्याकडे मारलेली सोंगटी भोकापाशी जाऊन, जणू विचार बदलल्यासारखी, वळू लागली. दुकानदाराचे उत्तर, ‘ओल लागली असेल’. ओल लागणारच होती. जुलैत डोंबिवलीत फळी घेणाऱ्याला दुसरे काय लागणार? तेव्हा फळी घेताना पुढील गोष्टी दुकानातच कराव्यात. फूटपट्टी उभी धरून फळीवर आडवी-तिरपी ठेवावी आणि तिच्याखालून उजेड दिसतो का ते पाहावे. फळी सपाट टेबलावर ठेवून स्ट्रायकर अगदी हळू सोडावा आणि तो एकाच दिशेला झुकतो का ते चारही बाजूंनी तपासावे. उलटी करून मागच्या आडव्या पट्ट्या किती आहेत आणि घट्ट आहेत का ते बघावे. घरी ती भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये. सपाट आडवी किंवा अगदी सरळ उभी ठेवावी, आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. फार लहान, वीस इंचांच्या आसपासची फळी मुलांसाठी म्हणून घेण्यात अर्थ नाही, कारण तिच्यावर सोंगट्यांची इतकी गर्दी होते की कोन साधायला जागाच उरत नाही.

पावडरीबद्दलही सांगायला हवे. फळीवर टाकायची पांढरी पावडर बहुतेक वेळा बोरिक ॲसिडची असते आणि ती पोटात जाणे अपायकारक आहे. पहिली-दुसरीच्या मुलांची बोटे फळीवरून थेट तोंडात जातात, हे मी रोज पाहते. आम्ही स्टार्चची पावडर वापरली, तीही चिमूटभर, आणि खेळानंतर हात धुतल्याशिवाय खाऊ नाही असा नियम लावला. स्टार्चवर सोंगट्या थोड्या कमी घसरतात. मुलांना फरक कळला नाही. मला कळला, कारण मीही अधूनमधून एक डाव खेळत होते.

खोक्यांतल्या महागड्या खेळांनंतर दोन असे खेळ, ज्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही. पहिला बदाम सात. एका साध्या कॅटात सात-आठ मुले आरामात खेळतात. बदामाच्या सत्तीपासून सुरुवात, मग त्याच रंगाची अठ्ठी वर किंवा छक्की खाली, इतर रंगांच्या सत्त्या जसजशा पडतील तसतसे त्यांचे रस्ते उघडतात. शेवटचा डाव संपेपर्यंत कोणी बाद होत नाही, पाळी झटपट फिरते, आणि तरीही त्यात डावपेच आहे, कारण हातातली इस्पिकची सत्ती मुद्दाम अडवून धरली की समोरच्याचे राजा-गुलाम कुजत पडतात. पाचवीतल्या एका मुलीला हे अडवणे ज्या दिवशी उमगले त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मला थोडे भीतिदायकच वाटले. पहिलीच्या मुलाला सात-आठ पत्ते एका हातात पंख्यासारखे धरता येत नाहीत, एवढीच अडचण. त्याला पुस्तकाच्या दोन पानांत पत्ते खोचून दिले की काम भागते.

दुसरा नाव-गाव-फळ-फूल. कागद, पेन्सिल आणि मनातल्या मनात बाराखडी म्हणणारा एक जण, एवढेच साहित्य. दुसऱ्याने ‘थांब’ म्हटले की जे अक्षर आले असेल त्यावरून सगळ्यांनी एकदम लिहायचे; ज्याचे रकाने आधी भरतील त्याने ओरडायचे आणि मग गुण मोजायचे. इतर कोणी न लिहिलेल्या उत्तराला दहा, दोघांनी किंवा अधिकांनी लिहिलेल्याला पाच. या एका नियमात सारी खुमारी आहे. ‘ज’ आले तेव्हा सहा जणांनी गावाच्या रकान्यात जळगाव लिहिले आणि पाच-पाच गुण घेतले. ज्याने जव्हार लिहिले त्याला दहा मिळाले, आणि पुढच्या आठवड्यात सारी टोळी घरून जुन्नर, जत, जेजुरी पाठ करून आली. ‘ड’वर डोंबिवली आणि डाळिंब सगळ्यांचे, फुलाच्या रकान्यात डेलिया लिहिणारी एकटीच. ण आणि ळ ही अक्षरे आधीच बाद करावी लागतात, हे पहिल्या दिवशी विसरले होते आणि सगळी मुले ‘ळ’वर कागदाकडे बघत राहिली. रिकामा वेळ इथेही नाही, कारण सगळे एकाच वेळी लिहीत असतात. लिहिण्याचा वेग नसलेल्या धाकट्याला एक मोठा लेखनिक द्यावा. उत्तर धाकट्याचे, अक्षर मोठ्याचे. मुले हरवलेला कागद शोधत बसतात, म्हणून प्रत्येकाला पाठकोरी वही दिली तर बरे.

संगीत खुर्ची सभागृहात एकदा झाली. जो आधी बाद होतो, बहुधा सर्वात धाकटा, तोच सर्वात जास्त वेळ भिंतीला टेकून उभा राहतो, आणि फरशी ओली असेल तर घसरण्याची भीती वेगळीच. खुर्च्या कमी करायच्या पण मुले कमी करायची नाहीत, उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी कसेबसे मावायचे, असा उलटा प्रकार आम्ही करून पाहिला. तीन खुर्च्यांवर नऊ मुले चढल्यावर एका खुर्चीचा पाय वाकला. खुर्च्या सोसायटीच्या असल्यामुळे तो प्रयोग तिथेच थांबला.

कोणी मला विचारले की दहा मुलांसाठी एकच वस्तू घ्यायची तर कोणती, तर मी डॉबल सांगेन, आणि तो परवडत नसेल तर एक बऱ्यापैकी पत्त्यांचा कॅट आणि पाठकोऱ्या वह्या. कॅरम जागा असेल तरच, आणि पावसाळा संपल्यावरच घ्यावा.

गणपतीच्या आदल्या शनिवारी सभागृहात मखराचे सामान येऊन पडले, म्हणून मुले जिन्याच्या पायऱ्यांवर वह्या घेऊन बसली. अक्षर आले ‘ग’. फुलात पाच जणांनी गुलाब लिहिला, आठवीतल्या मुलीने गुलबक्षी. दुसरीतल्या मुलाने, ज्याने लुडो सोडला होता त्यानेच, गावाच्या रकान्यात गोकर्ण लिहिले आणि फुलाच्या रकान्यातही गोकर्णच. एकच शब्द दोनदा चालतो का यावर पाच पायऱ्या खाली-वर चर्चा झाली. कर्नाटकात गोकर्ण नावाचे गाव आहे आणि आजींच्या उरलेल्या एका कुंडीत निळ्या गोकर्णाचा वेल आहे, हे दोन्ही पुरावे त्याने स्वतःच दिले. त्याला दोन्ही रकान्यांत दहा-दहा गुण मिळाले.